वरच्या तळ्यावर मेंढ्याचं डोकं

६ जुलै, सोमवार
सूड घ्यायचा. ठरलं.

काल नातवाला पाळण्यात घातलं. घर माझं, नातू माझा, मेंढाही माझाच. आणि शिजलेलं डोकं मुलाने कोणापुढे ठेवलं? शेरगाझीपुढे! व्याह्यापुढे! डोकं बसलेल्यांत वयाने मोठा असेल त्याचं, हे आमच्या कराकोल गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तो एकसष्ट. मी चौसष्ट.

अडचण एवढीच, की तीन वर्षांपूर्वी सोयरीक ठरवताना मी वय पाच वर्षं कमी सांगितलं. खोटं नव्हे. त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात बघून तोंडातून निघून गेलं. मुलाला झापलं तर म्हणतो, "बाबा, खरं वय फोडायचं नाही अशी तुम्हीच तंबी दिली होतीत." बुरुलकान म्हणते, "आता सांगून टाका की." बायकोला काय जातंय बोलायला? शेरगाझीपुढे नाक घासू? मेलो तरी नाही.

७ जुलै
योजना तयार. रविवारी शेरगाझीला डोंगरातल्या उद्यानात न्यायचं, दोन्ही तळी बघायला. त्याचं पोट पाहता तो खालच्या तळ्यापाशीच बसकण मारणार. डोकं खायचं वरच्या तळ्यावर. मोठा पोचला नाही तर मान पुढच्याचा.

फोन केला. म्हणाला, "व्याहीबुवा, अगदी माझ्या मनातलं बोललात! डोकं मी शिजवून आणतो. एशेनबायलाही घेतो." एशेनबाय त्याचा मित्र. वय साठ, दात सहा. डोक्याच्या बाबतीत त्याची काळजी नाही.

संकल्प: रोज पहाटे पाच किलोमीटर चालणे.

८ जुलै
पाऊस येईल असं वाटलं. गेलो नाही.

९ जुलै
पाऊस आला नाही. पण येऊ शकला असता.

११ जुलै
चाललो. बाजारापर्यंत. परत मिनीबसने, कारण सामान होतं. (केसांचा कलप.)

१२ जुलै, रविवार. सकाळी ७
उद्यानाचं फाटक. पहारेकरी प्रत्येकाचं नाव आणि वय वहीत लिहितो. साठ आणि पुढच्यांना पहिल्या पुलापर्यंत जीप. शेरगाझी एकसष्ट म्हणाला, एशेनबाय साठ. मग दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहिले. एकोणसाठ म्हणालो.

हात हलवत गेले जीपमधून. पाच किलोमीटर आहे पूल. ठीक. पाय मोकळे होतील.

९.१५
पूल. त्यांचा दुसरा चहा चालू होता. आमच्यात ओझं सगळ्यात लहानाने वाहायचं, सांगावं लागत नाही. एशेनबायने पिशवी माझ्या गळ्यात अडकवली. "उचला, तुमचं अजून वय आहे!" पिशवीत रोट्या, थर्मास, घोडीच्या ताकाचा कॅन आणि डोकं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते माझ्याच पाठीवर. जबडा बरगडीत टोचतोय.

११.००
खालचं तळं. शेरगाझी बसला नाही. गातोय. मी बसलो, बुटाची नाडी बांधायला. वीस मिनिटं लागली. नाडी चिवट आहे.

१२.३०
चढ उभा. घामाबरोबर कलप गळ्यावर उतरला. शेरगाझीने रुमाल पुढे केला. "व्याहीबुवा, इथली माती फार काळी. कानामागेही आहे थोडी." खवचट मेला. हेही हिशेबात धरलं आहे.

२.००
वरचं तळं. पोचलो. तिसरा. पाणी हिरवंगार आहे म्हणतात. मला बघायला फुरसत नाही. सगळ्यात लहान म्हणून दोघांच्या हातांवर पाणी घालतोय.

२.४०
हे आत्ताच लिहून ठेवतो.

शेरगाझीने सुरी घेतली आणि रीतीप्रमाणे पहिल्यांदा कान कापून लहानाला दिला. लहान म्हणजे मी. कान पोरांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून! एशेनबाय म्हणाला, "घे बाळा, शहाणा हो."

खाल्ला. भूक लागली होती. मग मात्र तोल सुटला. उठून ओरडलो, "मी चौसष्ट वर्षांचा आहे!" समोरच्या कड्याने ते दोनदा परत ऐकवलं.

शेरगाझी शांतपणे म्हणाला, "माहीत आहे. सोयरीक ठरली त्याच दिवशी विहीणबाईंनी सांगितलं. पण तुम्ही स्वतः एवढ्या ठामपणे बोललात, व्याह्याचा शब्द खाली कसा पाडायचा?" आणि बशी माझ्यापुढे सरकवली. "घ्या. मान तुमचाच आहे. तीन वर्षं वाट बघतोय, कधी मागता त्याची."

डोकं मिळालं. एका कानाचं.

आणि डोकं ज्याचं, दुवा त्यानेच द्यायची. दोन्ही हात पसरून शेरगाझीसाठी दीर्घायुष्य मागितलं. गुडघ्यांत बळ मागितलं. बत्तीसही दात मागितले. तो डोळे मिटून आमीन म्हणाला. लाज वाटली, खूप वाटली. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यामुळे.

६.००
पूल. जीप उभी. जीपबरोबर आलेल्या सकाळच्याच पहारेकऱ्याने वही उघडली. एकोणसाठ. म्हटलं चौसष्ट. तो म्हणाला, "आजोबा, सकाळी एक आणि संध्याकाळी एक असं वय असतं का? वहीत आहे ते खरं."

जीप एशेनबायला घेऊन गेली. शेरगाझी बसलाच नाही. माझ्याकडची पिशवी स्वतःच्या खांद्यावर टाकून फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आला. सगळी वाट गात होता.

१३ जुलै
उठता येत नाही. बुरुलकान गुडघ्यांना चरबी चोळत होती. विचारलं, "झाला का सूड?"

म्हटलं, झाला. कोणाचा, ते तिने विचारलं नाही.