गारव्यापुरती नजर

रवि. ६ मे १९७९
थोरल्या दिरांनी सावनेरहून गाडी पाठवली. खाणीवरचा परदेशी इंजिनियर जाताना त्यांना देऊन गेला होता ती. जुनी, लांबलचक. इंजिन ठीक आहे. डॅशबोर्डाखाली एसीची पेटी, पण बटण दाबलं की गरम वारा. दोन वर्षं बंदच.
३० तारखेला दुपारी बाराला ह्यांची मेडिकल बोर्डापुढे तपासणी. नकाशे काढणाऱ्या माणसाचे डोळे कामाचे राहिले की नाही, ते ठरणार. सकाळी गार पाण्यानं आंघोळ झाली की हे पेपर वाचतात. ऊन चढलं की अक्षरं पुसट, मग पाय जड. अकराला मला आवाजावरून ओळखतात. नसांचा आजार. डॉ. म्हणतात, उष्णता टाळा. नागपुरात, मे महिन्यात.
नंदनवनातून भर दुपारी रिक्षानं नेलं तर तिथे पोचेपर्यंत काही उरणार नाही. म्हणून ही गाडी. चालवीन मीच. बाबांच्या जीपवर शिकले होते.

मंगळ. ८ मे
गुलाबराव आले. गांधीबागेत फ्रिज दुरुस्त करतात, आमच्या शाळेतला वॉटर कूलरही तेच बघतात. शिक्षण चौथी. मोटारीचा एसी आजवर एकदाच उघडलाय म्हणे. "फ्रिजच हाय बाई, पट्ट्यावर चालते एवढंच." गॅस पार निघून गेलाय. कुठून, ते शोधायचं.

गुरु. १० मे
आज जे पाहिलं ते लिहून ठेवलंच पाहिजे.
गु.नी थोडासा गॅस भरला आणि एक लहान दिवा पेटवला. दिव्याला रबरी नळी. ती पाइपांच्या एकेका सांध्यावरून फिरवली. ज्योत निळी, निळी, निळी. कॉम्प्रेसरच्या फिरत्या दांड्याशी नळी नेली आणि ज्योत हिरवी झाली. गॅस तिथूनच गळतोय. नळी बाजूला घेतली, निळी. परत नेली, हिरवी. मी तीनदा करायला लावलं.
"दिसत नाही, वास येत नाही. पण लपून नाही राहत," गु. म्हणाले.
हे खुर्चीवर बसून होते. हिरवी म्हणजे कशी, कैरीसारखी की कडुनिंबासारखी, विचारलं. मला नीट सांगता येईना. अठरा वर्षं मुलींना विज्ञान शिकवते.

सोम. १४ मे
दांड्याभोवती गॅस अडवणारं सील झिजलंय. नवीन मिळत नाही, मुंबईलाही नाही. गु. म्हणाले, जुनंच घासू. रुपयाएवढी काळी कडी. काचेवर तेल टाकून तिनं इंग्रजी आठ काढत राहायचे. तासन् तास.
दुपारी ह्यांनी ती मागून घेतली. डोळे मिटून बोट फिरवलं. म्हणाले, इथे उंच आहे, केसभर. गु.नी कडी काचेवर ठेवून उजेडाकडे धरली, बराच वेळ पाहिली.
"साहेब, मले नाही समजलं हे."
मग दोघं मिळूनच. एक घासणार, एक चाचपणार. वर्षभरात ह्यांना कामात असं रमलेलं पाहिलं नव्हतं.

शनि. १९ मे
सील बसलं. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा पंप करून आतली हवा ओढून काढली, दोन तास. गु. म्हणाले, काहून, तर पाण्याचा अंश राहिला तर नळीत बर्फ होऊन अडकते. हवा काढली की पाणी न तापवताच उकळून निघून जातं. हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलंय. खरं कधी वाटलं होतं?
मग गॅस. पाइपावर नखाएवढी काच आहे, तीत आधी फेस पळताना दिसला, मग बुडबुडे, मग काही नाही. स्वच्छ. जाड पाइपावर हात ठेवला. ४४ अंशांच्या उन्हात तो पाइप माठासारखा पाझरत होता. मी हात काढलाच नाही.

बुध. २३ मे
भर दुपारी गाडी काढली. हे पुढे बसले, पेटीचा वारा थेट चेहऱ्यावर. गु. मागे. दहा मिनिटं काही नाही.
मग हे हळूच म्हणाले, "ती बाई ज्वारीचं पोतं उतरवून राहिली." होती खरंच, रस्त्यापलीकडे. मग दुकानांच्या पाट्या वाचत गेले, बारीक अक्षरांतल्यासुद्धा. मला गाडी कडेला घ्यावी लागली.
गु. उतरून पाठ करून उभे राहिले.

बुध. ३० मे
बोर्ड. पावणेबाराला पोचलो. डॉ. वयस्कर, कमी बोलणारे. ह्यांनी तक्त्यावरच्या पाच ओळी उभ्यानं वाचल्या. डॉ.नी पेन उचललं. झालंच होतं सगळं.
तेवढ्यात हे म्हणाले, "डॉक्टर, हे खरं आहे, पण अर्धंच. मला अर्धा तास व्हरांड्यात बसू द्या. मग पुन्हा तपासा."
त्यांची बाही ओढावीशी वाटली. ओढली नाही.
अर्ध्या तासानं भिंतीला धरून आत आले. सर्वांत मोठं अक्षरही दिसलं नाही. गार गाडीत बसलो की परत दिसेल, म्हणाले. डॉ. उठले आणि आमच्याबरोबर उन्हात खाली आले. गाडीत ह्यांच्या शेजारी बसले. मी इंजिन चालू ठेवलं. पाऊण तास गेला असेल. खिशातलं औषधाचं खोकं त्यांनी ह्यांच्यापुढे धरलं. ह्यांनी वाचलं, गोळ्यांची संख्यासुद्धा.
"पुस्तकात वाचलं होतं," डॉ. एवढंच म्हणाले. वाऱ्यापुढे स्वतःचा हात धरून थोडा वेळ बसून राहिले. कागदावर दोन्ही वेळचं लिहिलं. निष्कर्ष काय, सांगितला नाही.
परतताना मी विचारलं नाही, असं का केलंत. ह्या माणसाबरोबर बारा वर्षं राहतेय.

गुरु. ७ जून
पत्र नाही. ऑफिसात म्हणतात महिनाही लागेल. कोणी म्हणतं दुसरं हलकं काम देतील, कोणी म्हणतं घरी बसवतील.
चारला हे म्हणाले, चल, गाडीत बसू. कुठे जायचं नव्हतं. अंगणातच गाडी चालू केली. गार झाल्यावर माझ्याकडे वळले आणि बघत राहिले. मला अवघडल्यासारखं झालं.
"हनुवटीखाली तीळ आहे तुझ्या. कधीचा?"
जन्मापासूनचा, मी म्हटलं.
आणखी कितीतरी वेळ बघत होते. बंद करू का, विचारलं. त्यांची नजर हलली नाही. मीही किल्लीला हात लावला नाही.