काळी मोटार नानासोच्या हाती लागू नये म्हणून

मी, बनुबाई कोम हंबीरराव जगदाळे, वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, धंदा घरकाम, राहणार मौजे आंबवडी, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या धाकदपटशाला बळी न पडता, सांगून लिहवून घेते. माझ्या पोटात गाठ आहे, डोक्यात नाही. हे आधीच लिहिणे भाग आहे, कारण माझा धाकटा दीर नानासो चावडीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "वैनीला येड लागलंय. गाडीला आंगूळ घालत्या, मेण चोपडत्या, तिच्यासंगं बोलत्या." बोलते, खरे आहे. गाडी उलट उत्तर करीत नाही आणि उसने मागायलाही येत नाही. पण मी वेडी ठरले की हा कागद रद्द आणि मोटार त्याची, हा त्याचा डाव मला कळतो. वेडीला कळला नसता.

लिहिणार वामनराव मास्तर आहेत. मी बोलेन तसेच लिहायचे, सुधारायचे नाही, असे त्यांना बजावले आहे.

शेताविषयी. मळा आणि विहीर माझ्या पोटगीपुरती आहे, त्यावर माझी लेखणी चालत नाही, असे वकील म्हणाले. तेव्हा मळा नानासोला जाईल. जाऊ दे. बांधावरचा आंबा मात्र मी लावलेला आहे, त्याचे आंबे खाताना त्याला माझी आठवण होवो आणि घास अडको.

मोटारीविषयी. मोटार काळी, चार दारांची, माझ्या परसातल्या छपरात उभी आहे. सातारच्या कॅम्पातला साहेब विलायतेला निघाला तेव्हा आमच्या मालकांनी ती घेतली. त्यासाठी माझी पुतळ्यांची माळ, गोट आणि वाक्या मोडल्या. ते सोने माझ्या वडिलांनी विट्याहून मला घातलेले. मालक सरळ मनाचे. म्हणाले, "बनू, सोनं तुजं, तवा गाडी बी तुजी," आणि कागद माझ्या नावे केला. म्हणून मोटार माझे स्त्रीधन आहे. जगदाळ्यांच्या पुरुषांचा तिच्या चाकाच्या धुळीवरही हक्क नाही.

मालक गेले, लढाईत पेट्रोल सरकारी चिठ्ठीवरच मिळू लागले, गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढली. नानासो दर महिन्याला यायचा. "आवं वैनी, पेट्रोल न्हाई, चालवाय मानूस न्हाई, त्या लोखंडाला काय चाटायचं हाय? द्या मला." मी म्हणायची, "भावजी, लोखंड असंल तर भंगार न्या की वड्यातलं. ही गाडी हाय." मग तो तोंड काळे करून जायचा. तोंडाला मेण लावायची सोय नसते.

आता मेणाचे. हे नीट लिहा मास्तर, कारण गाडीपेक्षा हे देणे मोठे आहे. साहेबाच्या डबीतले विलायती मेण लढाईच्या सुरुवातीलाच संपले. कोरेगावच्या दुकानदाराने मेणबत्त्या गळ्यात मारल्या. मेणबत्तीचे मेण काळ्या रंगावर लावू नये. दोन दिवसांनी पांढुरके सावट धरते, गाडी कोड फुटल्यासारखी दिसते. आग्या मोहोळाचे मेणही नको, ते चिकट राहते आणि वाऱ्याने उडालेला सगळा माळ बॉनेटावर येऊन बसतो. घ्यावे ते सातेरी माशीचे. जावळीच्या रानातली माणसे बाजाराला घेऊन येतात. पण पोळे पिळून तसेच वापरू नये. मी वापरले आणि सकाळी छपरात मुंग्यांची जत्रा. आधी मेण पाण्यात उकळून फडक्यातून गाळावे, गार झाल्यावर वर आलेली वडी काढून तिच्या बुडाची घाण खरवडून टाकावी. मग वडी वाटीत, वाटी ऊन पाण्यात ठेवून पातळ करावी, चुलीपासून लांब नेऊन त्यात टर्पेंटाइन घालावे. चुलीजवळ घालाल तर मृत्युपत्र लिहायलाही वेळ मिळणार नाही. गार झाल्यावर लोण्यासारखे झाले पाहिजे.

मेणाआधी रंग तयार करावा लागतो. लोकांना मेणाची घाई. मळक्या अंगावर अत्तर. आधी टपावरून नुसते पाणी सोडावे, धूळ आपणहून वाहू द्यावी. कोरडी धूळ पुसू नये. काळा रंग काही विसरत नाही, एकेक ओरखडा उन्हात वर येतो. माझा स्वभावही तोच आहे. मग पुष्कळदा धुतलेल्या धोतराच्या मऊ तुकड्याने, खडूची वस्त्रगाळ पूड पाण्यात कालवून, हलक्या हाताने रंग चोळावा. फडके काळे होईल. घाबरू नये, तो मेलेला रंग आहे. एकाच जागी चोळत बसाल तर जिवंत रंगही निघेल, कडांवर तर लगेच पत्रा दिसेल. पूड धुऊन, गाडी सावलीत वाळवून, पत्रा हाताला गार लागला की मेण लावावे. इतके पातळ लावावे की लावले की नाही याचा संशय यावा. बोट फिरवून स्वच्छ रेघ उठली की दुसऱ्या फडक्याने पुसावे. हातात बांगड्या असतील तर वर सारून त्यावर कापड बांधावे. माझ्या हातात नाहीत, तेवढी एक सोय देवाने करून दिली.

आता बेंदराचा हिशेब. यंदा आषाढात मी विट्याला भावाकडे गेले होते. नानासोला बेंदराच्या मिरवणुकीत पाटलाच्या बैलांपुढे मिरवायचे होते. त्याने माझ्या छपराचे कुलूप काढले, गाडी ठोकळ्यांवरून उतरवली आणि पेट्रोल नाही म्हणून तिला बैल जुंपले! तेही सोसले असते. पण बेंदूर म्हटल्यावर नटवायला नको? बैलांची शिंगे काचेने साळतात, तशी त्या मेल्याने माझी पुढची दोन्ही मडगार्डे साळून काढली आणि वर तांबडा हिंगूळ आणि करडईचे तेल फासले. दारांवर, बॉनेटावर चुन्यात बुडवलेल्या पंजांचे ठसे उमटवले. बैलाच्या अंगावरचा चुना पावसाने जातो. रंगावरचा चुना रंग खातो. मी विचारले तर म्हणतो, "बैलास्नी चालतंय, मग हिलाच काय धाड भरली? लक्ष्मीच की ती." लक्ष्मी! लक्ष्मीची कातडी सोलतात का रे?

मी विट्याहून परत आले त्या दिवशी छपरात एक बाई पाठमोरी बसली होती. परातीत आंबट ताक घेऊन चुन्याचे ठसे एकेक भिजवून पुसत होती. ती माझी जाऊ शालूबाई, नानासोची बायको. आमचे दोघींचे लग्नापासून पटलेले नाही. ती माझ्या भाकरीला नावे ठेवते, मी तिच्या तोंडाला. ती वळून म्हणाली, "बगत काय हुब्या ऱ्हायलाय आक्का? पानी आना. का त्ये बी मीच आनू?" मी पाणी आणले. ती पुसता पुसता मला शिव्या देत होती, गाडीला देत होती, सगळ्यांत जास्त नवऱ्याला देत होती. तिच्या माहेरच्या पाटल्या त्याने तमाशाच्या फडात घालवल्या, हे मला त्या दिवशी कळले. ती रडली नाही. मी रडले, रागाने. ताकाने चुना सुटला, पण पंजांचे डाग पुरते गेले नाहीत. मडगार्डांना नवा रंग लागेल.

म्हणून मी असे ठरवते की, माझ्या पश्चात ही काळी मोटार, तिची किल्ली, मेणाच्या वड्या, टर्पेंटाइनची बाटली आणि धुतलेली फडकी, सर्व माझी जाऊ शालूबाई हिला तिचे स्वतःचे स्त्रीधन म्हणून मिळावे. तिने चालवावी, भाड्याने द्यावी, नाहीतर विकून पाटल्या कराव्यात. विकायच्या आधी मेण लावावे, भाव चढतो. नानासोला गाडीत बसायचे असल्यास तिला विचारून बसावे, आणि तिने नाही म्हणावे अशी माझी इच्छा आहे. शालूबाईला हे अजून ठाऊक नाही. ऐकून ती मला आधी शिव्याच देईल, त्या मी घेतल्या असे समजावे.

आता शेवटचे. नानासो बाहेर कट्ट्यावर फेटा बांधून बसला आहे. मी गाडीचा कागद करते आहे एवढे त्याच्या कानावर गेले. घरात दुसरा पुरुष नाही, आणि बाई बाईच्या नावे गाडी लिहील हे त्याच्या स्वप्नातही येणार नाही. सकाळीच सांगून गेला, "वैनी, साक्षीला माजी सही घ्या. मागनं कुनी म्हनाय नको, म्हातारी शुद्धीत नव्हती." मी म्हटले, "बरं झालं सुचवलंत भावजी." आता त्याला आत बोलावते. मास्तरांनी त्याला मजकूर वाचून दाखवायची तयारी ठेवावी. ऐकायचे की नाही, ते त्याने ठरवावे.

येणेप्रमाणे कागद पुरा केला. सही माझी मी केली आहे, मालकांनी शिकवली तशी.

बनुबाई हंबीरराव जगदाळे

मौजे आंबवडी, सोमवार, ता. ४ नोव्हेंबर १९४६, शके १८६८, कार्तिक शुद्ध पक्ष.

दस्तूर वामन सखाराम मास्तर. दुसऱ्या साक्षीदारास मजकूर वाचून दाखवू का असे विचारले असता, "घरचाच कागद हाय, वाचायचं काय त्यात? टाक हिकडं," असे त्यांनी सांगितले व शेरा स्वहस्ते लिहिला.

साक्ष :

१. ज्ञानू बाबाजी मुळीक, पेन्शनर हवालदार, आंबवडी.

२. नानासो जगदाळे. वैनी पुऱ्या शुद्धीत हायेत. मी सोता बगितलं. ह्या कागदावर फुडं कुनाची बी तकरार चालनार न्हाई, माजी बी न्हाई.