भिंतीच्या मापाची बायको

हेक्सहॅमजवळ, मंगळवार

ती. हॅनामावशीस मिल्ड्रेडचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे खुशाल आहेत; सगळे म्हणजे हे, यांचा कॅमेरा आणि जमिनीखालचे रोमन शिपाई. (मला सर्दी आहे.)

लग्न जमवताना तू म्हणाली होतीस, मुलगा शांत आहे, मोकळ्या हवेत असतो. हवा मोकळी आहे हे खरं. दर उन्हाळ्यात मी माळावर तीच खातेय. हे रोमन किल्ला खणतात, भिंत लागली की मी ती झाडते (घरातला केर यांना कधी दिसला नाही, पण दगडावरची गवताची काडी बरोबर दिसते), मग दगडांवर सावल्या पडू नयेत म्हणून ऊन ढगाआड जाईपर्यंत सगळे ताटकळतात, आणि मग फोटो. उंची कळावी म्हणून भिंतीशेजारी रंगवलेली काठी उभी करायची असते. ती पहिल्याच वर्षी गायीने मोडली. तेव्हापासून काठीच्या जागी मी. तीही पाठमोरी, कारण चेहरा दिसला की बघणाऱ्याचं लक्ष दगडांवरून उडतं, असं यांचं मत. मी आधी ते कौतुकच समजले होते.

गेल्या शनिवारी गावच्या हॉलमध्ये यांनी ते फोटो पडद्यावर दाखवले. माझी पाठ पश्चिम दरवाजापाशी, माझी पाठ धान्यकोठारापाशी, माझी पाठ शिपायांच्या संडासापाशी. पाद्रीबुवांच्या बायकोने हळूच विचारलं, "हा रेनकोटातला मजूर सगळीकडे कसा हो?" शेवटी बुरूज आला. यांचं म्हणणं, तो दुमजली होता, कारण उरलेली भिंतच एवढी उंच. त्यावर न्यूकॅसलचे प्राध्यापक डॉ. ओल्डरॉइड उठले. (हा माणूस खोकतोसुद्धा तळटीप दिल्यासारखा.) भिंत प्रत्यक्ष मोजली होती का, म्हणाले. कुठली मोजायला? पावसात घाईघाईने खड्डा बुजवला, आता वर मेंढ्या चरतात. "मग फोटोतल्या बाईंची उंची किती?"

मडक्याचा फुटका काठ बघून तो कुठल्या सम्राटाच्या वेळचा ते सांगणारा माणूस, मावशी, आणि भर सभेत व्यासपीठावरून मला विचारतो, "मिल्ड्रेड, तुझी उंची किती गं?" अख्खा हॉल मागे वळला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याला ठाऊक नसलेली उंची निदान भरघोस तरी असावी, असं वाटलं, आणि मी उठून म्हणाले, "पाच फूट सहा." (मी पाच फूट दोन. टोपीने निभावलं.) भिंत वाढली, वर मजला चढला, टाळ्या पडल्या. डॉ. ओल्डरॉइड मात्र बाहेर पडताना गोड आवाजात म्हणाले, "गुरुवारी चहाला येतो. मोजपट्टी माझीच आणतो."

यांचा अहवाल छापायला गेलाय. त्यात मजला आहे. बाकी ठीक. काकांना नमस्कार सांग.

तुझी,
मिल्ड्रेड

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. तुला डॉक्टरांनी दिलेले ते जाड तळाचे बूट उद्याच्या टपालाने पाठव. वरून लांब झगा घालीन.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवणार तोच हे स्वयंपाकघरात आले. बुटांचं सांगितलं तर खुदकन हसले. म्हणाले, "तुझी उंची मला लग्नापासून माहीत आहे गं. पण मी सांगितली असती तर खरी सांगावी लागली असती. विद्वान माणूस ना मी. तू वाढवशील याची खात्री होती." आणि बिस्किट उचलून गेले.

बूट पाठवू नकोस. गुरुवारी मी अनवाणी उभी राहणार आहे.