लाळेरं पुढेच असतं

३ मार्च, सोमवार
ही वही हॉस्पिटलच्या लाँड्रीतली. पुढच्या पानांवर फाटक्या चादरींच्या नोंदी, मागची कोरी. चौथीपर्यंत शिकलेय. माझं अक्षर मला लागतं, बस्स झालं.

आजपासून सायकल. हॉस्पिटलची डॉक्टरीण म्हणाली, साखर वाढलीय, रोज चाला. चालायला वेळ कुणाला आहे? पॅसेजमध्ये पोरीची सायकल दीड वर्ष भिंतीला टेकून उभी आहे. तिने त्या पंक्चरवाल्याशी लग्न केलं आणि गेली. ह्याच सायकलीची पंक्चरं काढता काढता जमलं म्हणे दोघांचं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, एका चाकात महिन्याला चार खिळे घुसतात कसे.

आमच्या ह्यांनी बातमी आणली. तीस तारखेला ती दोघं गाव सोडतायत. जावयाला चारशे किलोमीटरवर सायकलच्या कारखान्यात नोकरी लागली. पोर पंधरा दिवसांचं. मी म्हटलं, मला काय सांगता? तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही असं मी पोरीला तोंडावर सांगितलंय. मी शब्दाची पक्की. ती म्हणाली होती, नको ठेवूस. तीही माझीच.

सायकलचा ह्या सगळ्याशी काही संबंध नाही. साखरेशी आहे.

५ मार्च, बुधवार
लाँड्रीपर्यंत सायकलने. तीन किलोमीटर. दिवसभर उभ्याने चादरींना ठिगळं लावली. मशीनवर बसवेना. इस्त्रीवालीने विचारलं, मूळव्याध का गं? मी म्हटलं, व्यायाम.

सराव करायचा तर नीट करायचा. कालव्याचा रस्ता ठरवला. सपाट आहे, सावली आहे. अडतीस किलोमीटरवर संपतो. संपतो तिथे पोरीचं गाव आहे, त्याला मी काय करू? रस्ता मी बांधला नाही.

आणि मी म्हटलं होतं, पाऊल ठेवणार नाही. पाय पेडलवर असले तर पाऊल कुठे ठेवलं? दारासमोरून हळू जायचं, पोराचं तोंड बघायचं, न उतरता वळायचं. बसने गेलं तर उतरावं लागतं. म्हणून बस नाही.

येत्या रविवारी जाऊन येते. दुपारी जेवायला घरी.

८ मार्च, शनिवार
हे म्हणाले, सायकलवाल्यांची वेगळी चड्डी असते, खाली गादी शिवलेली. मला वाटलं थट्टा करतायत. खरंच असते.

दुकानात गेले. दुकानदार सावलीतही डोक्यावर गॉगल लावून बसतो. त्याचं नाव गॉगल. सगळ्यात महागडी चड्डी दाखवली. किंमत ऐकून विचारलं, ह्यात सायकल पण येते का? म्हणाला, ताई, बिब घ्या, पोटावर इलॅस्टिक नसतं, खांद्यावर पट्टे असतात, चड्डी घसरत नाही. मी म्हटलं, बिब म्हणजे काय? म्हणाला, लहान बाळाला बांधतात ना, ते. म्हणजे लाळेरं. मी म्हटलं, माझी लाळ गळते का रे? तो पुढे बरंच काही सांगत होता. मी ऐकलं नाही. मला समजलं होतं.

फुटपाथवरच्या ढिगातून घेतली. गॉगलच्या चौथाई भावात. काळी. घरी येऊन घातली. एकीकडे जाळीचा उंच भाग, एकीकडे पोटाएवढाच. लाळेरं म्हटल्यावर जाळी छातीवर येणार, पाठ उघडी. आमचे ऑपरेशनचे गाऊन असेच, मागून मोकळे. तीस वर्षं तेच शिवतेय. मला कुणी शिकवायला नको.

लेबल बेंबीवर टोचतं. कापून टाकलं. वरून ह्यांचा जुना शर्ट. उद्या पहाटे पाचला.

९ मार्च, रविवार
साडेसहाला निघाले. सहा किलोमीटरवरून परत.

चड्डीत दोष. गादी सगळी पुढे, जिथे हाडं टेकतात तिथे नुसतं कापड. बनवणाऱ्याने सायकल बघितलेली नाही. मी कच खाल्लेली नाही, लिहून ठेवते. चड्डीमुळे परत आले.

हे घरी नव्हते. रविवारी मित्राकडे जातात, त्याचा गुडघा दुखतो. सहा महिने झाले, एकाच माणसाचा गुडघा. संध्याकाळी आले तर शर्टाच्या खांद्यावर पांढरट डाग. मी डागांतच जन्म काढला. दुधाचा आहे. मित्राकडचा थर्मास गळत असणार.

११ मार्च, मंगळवार
चड्डी लाँड्रीच्या मोठ्या मशीनमध्ये टाकली, चादरींबरोबर, उकळत्या पाण्यात. जंतू मरायला हवेत. बाहेर आली तेव्हा गादीचे गोळे झाले होते, मोज्यात बटाटे भरल्यासारखे. फुटपाथचा माल. टिकाऊ घ्यायला हवी.

मीही मूर्खच. कापड मला कळतं, मग ढीग का उपसला? आता बघून घेणार.

१५ मार्च, शनिवार
पुन्हा गॉगल. ह्या वेळी त्याला बोलू दिलं नाही. मधल्या भावाच्या सहा चड्ड्या काढायला लावल्या. एकेक उलटी करून बघितली. शिवण दोन्ही हातांनी ताणली, टाके उघडतात का. कापड ताणून उजेडात धरलं, पलीकडचा गॉगल दिसला ती बाद. मांडीवर जाड शिवण असेल ती बाद, दहा किलोमीटरला सोलून काढेल. गादी चिमटीत दाबली, जी दाबून चपटीच राहिली ती बाद. स्पंज नको, घट्ट पाहिजे. दीड तास लागला. गॉगल म्हणाला, ताई, माझ्याकडे नोकरी करता का? मी म्हटलं, तुला परवडणार नाही.

एक उरली. मग तो हळूच म्हणाला, ताई, एक सांगू, ह्याच्या आत काही घालायचं नसतं. मी म्हटलं, कशाच्या आत? म्हणाला, आतलं. मी चड्डी काउंटरवर आपटली. माझ्या मुलाच्या वयाचा! त्याने धावत जाऊन बायकोला आणलं. ती कानात तेच म्हणाली. मी म्हटलं, तुम्ही दोघं काय करता ते मला नको सांगू.

पण घेतली. आत घालणारच.

१६ मार्च, रविवार
पाच सत्तावन्नला निघाले. अकरा किलोमीटर. परत.

तोच दोष! गादी पुढे. पोटाखाली उशी बांधल्यासारखं वाटतं, मागे मात्र सीटच्या लोखंडाशी थेट बोलणी. एका मेंढपाळाने विचारलं, मावशी, काही हरवलं का? मी उभ्या उभ्या पेडल मारत होते. मी म्हटलं, सराव.

हे संध्याकाळी आले. चपला काढता काढता अंगाई गुणगुणत होते. वय झालं.

१८ मार्च, मंगळवार
चड्डी परत करायला गेले. गॉगल म्हणाला, वापरलेली घेत नाही, लेबलही कापलंय. मी म्हटलं, लेबल पोटात खुपसता कशाला? म्हणाला, पोटात? मी म्हटलं, विषय बदलू नकोस. गादी चुकीच्या जागी आहे. त्याने चड्डी हातात धरली, फिरवली, म्हणाला, ताई, गादी तर बरोब्बर जागेवर आहे. चक्क खोटं, माझ्या डोळ्यांसमोर. म्हणाला, घालून दाखवा हवं तर बायकोला. मी घालून दाखवणारी दिसते का?

त्याची बायको म्हणाली, बदलून द्या हो, माझं डोकं दुखायला लागलंय. दिली. मागच्या वर्षीचा माल म्हणून किंमत कमी केलेली, महागड्यातली. रंग कुणाला नको होता म्हणे, भोपळ्यासारखा. शिवण मात्र अशी सपाट की बोटाला लागत नाही. कापड जाड. गादी घट्ट. ही दहा वर्षं जाईल. तीस वर्षांत एवढं चांगलं काम मी दोनदा बघितलं असेल. वरचे पैसेही मोजले.

घरी हे म्हणाले, जावयाला विचार ना, त्याचा धंदाच आहे. मी म्हटलं, पंक्चरवाल्याला चड्डीतलं काय कळतं? तर म्हणाले, बसने चल, रविवारी मी सोबत येतो. मी म्हटलं, मित्राचा गुडघा कोण दाबणार? पेपर उघडून बसले.

२३ मार्च, रविवार
आज पोचणार होते. एकोणीस किलोमीटर गेले. बरोब्बर अर्धी वाट. मैलाच्या दगडाला पोट टेकून अर्धा तास उभी राहिले. मग परत.

एकोणीस जायला, एकोणीस यायला. म्हणजे अडतीस झाले. अंतर मी पार केलेलं आहे. फक्त दिशा मधे बदलली.

हीसुद्धा गादी पुढे. सगळ्या कंपन्या मिळालेल्या आहेत.

२७ मार्च, गुरुवार
रागाच्या भरात आतलं न घालता बसून बघितलं. गॉगलच्या बायकोची माफी मागत नाही, पण चिमटे निम्म्याने कमी झाले. हे इथेच राहू दे.

हे म्हणाले, बाळ आता हसतं. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, ऐकलं. मी म्हटलं, हसू दे. मग भांडी दोनदा घासली.

हे म्हणाले, तीस तारखेला दुपारी टेम्पो निघणार. मी म्हटलं, रविवार आहे, माझा सरावाचा दिवस. उगाच काही समजू नका.

२९ मार्च, शनिवार
चाकात हवा भरली. शर्ट इस्त्री केला. न उतरता वळायचं, हे तीनदा गल्लीत करून बघितलं. दोनदा जमलं.

पोरीला काही बोलायचं नाही. बोलायचंच झालं तर, बरी आहेस ना, एवढंच. घंटी एकदाच वाजवायची.

३० मार्च, रविवार, पहाटे ४.५०
निघते. चड्डी कशी का असेना.

३१ मार्च, सोमवार
लाँड्रीत रजा टाकली. पालथी पडून लिहितेय.

पोचले. अडतीस किलोमीटर. सात तास. त्यातले तीन उभ्याने. शेवटच्या मैलावर शर्ट घामाने चिकटला म्हणून काढून हँडलला बांधला. आत बनियन होतं, वर भोपळी चड्डी. कुत्री भुंकायची थांबून बघायला लागली.

दारात टेम्पो उभा होता, भरलेला. खुर्च्या, पलंग, कपाट, सगळं वर. घंटी वाजवली. पायरीवर हेच बसलेले होते. आमचे हे. खांद्यावर पोर. मित्राचा गुडघा एकदम बरा दिसत होता. मला म्हणाले, आलीस? मी म्हटलं, रस्ता चुकले.

न उतरता वळायचं होतं. वळताना पाय वर जाईना. सायकल आडवी होऊ लागली तसा जावई धावत आला, एका हाताने सायकल, एका हाताने मला धरलं. मी उतरले. म्हणजे उतरवली गेले.

पोरगी दारात. बारीक झालीय. माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. म्हणाली, आई, माझी सायकल द्यायला आलीस? एवढ्या लांब चालवत? मी म्हटलं, हो. नाहीतर राहिली असती.

मग ती रडली. मी म्हटलं, बरी आहेस ना. ठरल्याप्रमाणे.

आत बोलावलं. मी आधी विचारलं, चावी कुठे आहे? जावई म्हणाला, घरमालकाला सकाळीच दिली. म्हणजे दार त्यांचं राहिलंच नव्हतं. मग गेले आत. शब्द मोडलेला नाही.

घरात बसायला काही नाही. एकच राहिली होती, तिची बाळंतपणाच्या टाक्यांसाठीची, मधे भोक असलेली हवेची गादी. ती म्हणाली, आई, तू बस. मी म्हटलं, तुझे टाके, तू बस. ती म्हणाली, माझे भरले, तुझी चाल बघ. बसले. आई गं. दीड महिन्याच्या बाळंतिणीने आईला गादी द्यावी! मग तिने पोर माझ्या छातीशी दिलं.

दहा मिनिटं धरलं असेल. नाक आमच्याकडचं आहे. हसलं नाही, हे खोटं बोलले. माझ्या जाळीवर तोंड घासलं आणि सगळं दूध ओकलं. एक थेंब बनियनला लागला नाही. मी म्हटलं, बघा, म्हणूनच ह्याला बिब म्हणतात.

तेव्हा जावई भिंतीकडे बघून म्हणाला, आई, रागवू नका, चड्डी उलटी घातलीय. जाळी पाठीवर येते. गादी मग मागे जाते.

कुणी हसलं नाही. पोरीने ओढणी तोंडात कोंबली, ते मी मोजत नाही. हे टेम्पोमागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

जावयाने सायकल टेम्पोत चढवली. चढवताना म्हणाला, सीट पण चार बोटं उंच होती, आई. मी म्हटलं, पंक्चरवाल्याला कळतं तर. म्हणाला, थोडंफार.

टेम्पो गेला. आम्ही बसने आलो. बस रिकामी होती. मी अडतीस किलोमीटर उभी.

घरी येऊन चड्डी बरोबर बाजूने घातली आणि लाकडी स्टुलावर बसले. काही लागलं नाही. बराच वेळ बसून राहिले. चड्डीत काहीही दोष नाही. गॉगलला हे सांगायची गरज नाही.

आज हे म्हणाले, टाक, धुवून टाकतो. जाळीवर डाग पडलाय. मी म्हटलं, हात लावू नका. ह्या कापडाला पाणी चालत नाही.

पॅसेजमध्ये भिंतीवर सायकलच्या हँडलचा काळा व्रण राहिलाय. चारशे किलोमीटर आहे म्हणे. चड्डी दहा वर्षं टिकेल. सायकल बघायला हवी.