संस्थानच्या सनईची बिदागी

आबा, तुमची बिदागी मी कापली नव्हती, मुख्याध्यापकांनी कापली. किती वेळा सांगायचं? शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही सनईवर, मी शेजारी सूर धरून. तेही ज्या शाळेनं मला आठवीत दोनदा बसवून घरी पाठवलं तिथंच. कार्यक्रम झाल्यावर मुख्याध्यापक खर्चाची वही उघडून विचारतात, "कुठले म्हणायचे आपण?" तुम्ही मान ताठ करून सांगता, "संस्थानच्या दरबारातले." "कोणत्या संस्थानच्या?" "मोठ्या." आणि मी, वीस वर्षांचा घोडा, फिस्सकन हसलो. "आबा, आपण तर एसटी स्टँडामागचे!" पाचशे एकावर काट मारून त्यांनी एकशे एक्कावन्न लिहिले, आणि नावाच्या जागी ‘एक वाजंत्री’. वाटेत तुम्ही एवढंच म्हणालात, "तीनशे पन्नासला पडलं तुझं हसू." मग आठ दिवस बोलणं बंद. भाकरी हवी असली तरी आईला सांगायचात, "त्या सत्यवाद्याला म्हणावं, टोपली सरकव."

आता मी अमेरिकेत, मॉरिसव्हिलला एका केटररकडे आहे. शेजारच्या कॅरी गावातल्या एका काकूंना रोज दुपारी डबा ड्रॉप करतो. काकू इतिहास शिकवायच्या. रिटायर झाल्या तरी जेवणाच्या टेबलावर ताटाला जागा नाही, सगळे कागद. इंग्लंडातल्या मठांच्या पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या खर्चाच्या वह्या म्हणे. मेणबत्त्या, मासळी, छपराची दुरुस्ती, आणि मध्येच गावोगाव हिंडणाऱ्या वाजंत्र्यांची बिदागी. "ऐक," काकू म्हणाल्या, "राजाच्या वाजंत्र्यांना सगळ्यांत जास्त. सरदाराच्या वाजंत्र्यांना त्याहून कमी. आणि ज्याला कुणी मालकच नाही त्याच्या हातावर दोन पेनी." मी विचारलं, "वाजवणं तेच असलं तरी?" "वाजवणं कोण ऐकतंय? अंगावरचा बिल्ला बघायचे. म्हणून कितीतरी जण खोटंच सांगायचे, आम्ही राजाची माणसं. तक्रारी झाल्या यार, थेट राजापर्यंत!" काकू सत्तरीच्या आहेत, पण नातीमुळे ‘यार’ म्हणतात. आमटीचा डबा माझ्या हातात तसाच. आबा, मला वाटायचं ही थाप तुमची एकट्याची. तुमची तर मोठी परंपरा निघाली! मी काकूंना शाळेतलं सगळं सांगितलं. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आणि तू? तू वाजवतोस की नाही अजून?"

तुम्ही गेल्यापासून, सात वर्षं, सनईला हात लावला नव्हता. बॅगेत स्वेटरात गुंडाळून ठेवली होती. गेल्या शनिवारी काकूंच्या नातीच्या लग्नात काढली. पहिली फुंकर फुसकी गेली, पोरं खिदळली. नंतर लागला सूर. जेवणं चालू असताना नवऱ्या मुलाचे वडील पाकीट घेऊन आले. "वा! कुठले तुम्ही?" शेजारी काकू जिलेबी खात उभ्या. मी मान ताठ केली.

"संस्थानच्या दरबारातले."

"कोणत्या?"

"मोठ्या."

काकूंना जोरात ठसका लागला. पण त्या बोलल्या काही नाहीत. शाळेत त्या दिवशी मलाही तेवढं जमायला हवं होतं.

हे पत्र टाकणार कुठं, डब्यांच्या पिशवीतच राहील. पाकिटात पाचशे एक डॉलर निघाले. एक वाजंत्री म्हणून एकशे एक्कावन्न मी ठेवलेत. संस्थानचे तुमचे, ते आईच्या खात्यावर पाठवतोय, तीनशे पन्नास.