जागा निजून पाहावी

अण्णा, आईचे गुडघे बदलायचे ठरले आहे. डॉक्टरांनी संक्रांतीनंतरची तारीख दिली आणि पुढचे नियम समजावून सांगितले: मांडी घालायची नाही, जमिनीवर बसायचे नाही, निजायचे तर नाहीच, उर्वरित आयुष्य खुर्ची, पलंग आणि पाश्चात्य शौचकूप यांच्या उंचीवर व्यतीत करायचे. आईने सारे ऐकून घेतले. परतताना आमची रिक्षा न्हावा शेव्याकडे निघालेल्या ट्रेलरांच्या रांगेत अडकली, तेव्हा ती एकदम म्हणाली, "गुडघ्याच्या आधी मला एकदा तळ्याकाठी ने. एक रात्र. तंबूबिंबू लावून." मी हो म्हणालो. आपल्या घरात आईने स्वतःसाठी काही मागितल्याचे मला फारसे स्मरत नाही, म्हणून रिक्षा पुढे सरकेपर्यंत मी त्या होकाराला संकल्पाच्या पदवीपर्यंत चढवले होते. तळ्याकाठी उत्तम शिबिरस्थल शोधायचे, आणि तेही असे की आईला तसूभर त्रास होता कामा नये. तसूभर हा शब्द मी मोठ्याने उच्चारला. रिक्षावाल्याने आरशातून पाहिले.

तळे म्हटले की आमच्या घरात ते तुमचेच असते. तुम्ही शाळेत संस्कृत शिकवत असा आणि दरवर्षी नाताळच्या सुट्टीत शाळेच्या बालवीर पथकाला घेऊन धरणाच्या जलाशयावर जात असा. आदल्या दिवसाचे आपले स्वयंपाकघर मला अजून दिसते. एका कोपऱ्यात आई दशम्या भाजते आहे, दुसऱ्या कोपऱ्यात तुम्ही तंबूच्या लोखंडी खुंट्यांना तेल लावून त्या खाकी पिशवीत भरता आहात, आणि मधल्या सीमाप्रदेशात मी डब्यात शेंगदाण्याची चटणी दाबतो आहे. माझे ते पहिले शिबिर. आईने तव्यावरची नजर न काढता विचारले, "मी येऊ का एकदा? लांबूनच बघेन." तुम्ही खुंटी पुसत म्हणालात, "तिथे तुझी फार गैरसोय होईल." आवाजात काळजीच होती, ते मी अमान्य करीत नाही. त्या वर्षीच्या चटणीत मीठ दुप्पट पडले होते. शिबिरात पहिल्या घासाला तुम्ही क्षणभर थांबलात आणि हा आर्षप्रयोग आहे, म्हणजे ऋषींच्या हातून झालेली चूक, यास दोष म्हणू नये, असा निर्णय दिलात. मुले निमूटपणे पाणी प्यायली.

जागा डोळ्यांनी पाहायची नसते, निजून पाहायची असते, हा तुमचा सिद्धांत. तंबू उभारण्यापूर्वी ज्याने त्याने आपल्या जागेवर उताणे पडायचे आणि 'देव' शब्द सर्व विभक्तींत म्हणायचा. प्रथमेला कुठलीही जमीन सपाट वाटते. तृतीयेपर्यंत उतार कळतो. षष्ठी ही संबंधाची, तोवर मुंग्या त्या भूखंडाशी असलेला आपला जुना संबंध स्पष्ट करतात. आणि सप्तमी ही तर अधिकरणाची, म्हणजे साक्षात जागेचीच विभक्ती. तिथवर पोहोचण्याआधी उठणारा माणूस तुमच्या लेखी नापास. खाकी गणवेशातली मुले ओळीने आकाशाकडे तोंड करून देवः देवौ देवाः म्हणत पडली आहेत, आणि पलीकडच्या काठावर म्हशी थबकून हा विधी पाहत आहेत. मी त्या पहिल्याच शिबिरात मधेच उठलो. चतुर्थीत देवाभ्याम् देवेभ्यः येते, पंचमीत पुन्हा तेच देवाभ्याम् देवेभ्यः. तेव्हा पंचमी गाळली तर बिघडणार नाही, असा माझा युक्तिवाद होता. तुम्ही माझ्या डोक्याशीच उभे होतात. "फरक एकाच शब्दाचा आहे," तुम्ही म्हणालात, "आणि दगड नेमका त्याच शब्दाखाली असतो. पड परत." मी परत पडलो. दगड होता.

तर संकल्प केल्यावर पहिला प्रश्न वाहनाचा. आईला तंबूत निजवण्याचा विचार मी क्षणभरही केला नाही. तंबू माझ्यासाठी, आणि आईसाठी चाकांवरचे घर. ते माझ्या एका मित्राकडे आहे. तो विचुंब्याचा, वडिलार्जित भातशेतीवर आता इमारत उभी आहे, आणि बंदरावर त्याचे ट्रेलर धावतात. मालाची कागदपत्रे मार्गी लावण्याच्या माझ्या धंद्यात आमची नित्य गाठ पडते. हौसेखातर त्याने एका जुन्या बसच्या पोटात पलंग, ओटा, शीतयंत्र आणि शौचकूप बसवून घेतले आहे. लोक त्यास आरव्ही म्हणतात. मी त्याचे 'गृहरथ' असे नामकरण केले, तेव्हा तो म्हणाला की नाव कायपन ठेवा, डिझेल तेवढंच खाते. आईसाठी हवी म्हटल्यावर त्याने चावी लगेच काढून दिली. "आईंना आमचा नमस्कार सांगा. आनि चिखलात घालू नका गाडी. रुतली तर क्रेन आमालाच पाठवायला लागेल, क्रेनपन आमचीच हाय. जागा बघून घ्या तुमी." मी म्हणालो, बघून नव्हे, निजून घेणार आहे. त्याने चावी परत मागितली नाही, पण तसा विचार त्याच्या मुद्रेवर तरळून गेला.

त्यानंतरचे माझे रविवार क्षेत्रपरीक्षणात गेले. अटी मी निश्चित केल्या होत्या आणि त्यांत तडजोड नव्हती. रथाला कठीण मुरमाची सपाट भूमी हवी, पाणी नजरेसमोर पण पावलापासून दूर हवे, माथ्यावर सावली हवी, ध्वनिवर्धक नको. पहिल्या स्थळाच्या जाहिरातीत जलाशयाचे भव्य छायाचित्र होते. प्रत्यक्षात ते पाणी फक्त भोजनगृहाच्या गच्चीवरून दिसत होते. इतरत्र ते दृश्य नव्हते, अनुमेय होते. मी तरीही नियमाप्रमाणे आडवा झालो. तिथला व्यवस्थापक हसतमुख होता. त्याने "सर, फोटो काढू का?" असे विचारून काढलाही. दुसऱ्या ठिकाणी पाणी होते, सावली होती, पण प्रवेशद्वारावर राजेशाही कमान बांधलेली, आणि तिच्याखालून रथ जाणे अशक्य. गाडी बाहेर ठेवा, आजींना आम्ही छोट्या गाडीतून आत सोडू, असे तिथले लोक आर्जवाने सांगत होते. म्हणजे आई आत आणि तिचा पलंग बाहेर. तिसरी जागा इतकी सुंदर होती की मला संशय यायला हवा होता. द्वितीयेला मी पाण्याच्या दिशेने सरकू लागलो. तृतीया ही साधनाची विभक्ती. दोन्ही कोपरांच्या साधनाने मी कसाबसा थांबलो. पाठीला गवत चिकटवून घरी आलो की बायको शर्ट झटकत विचारी, "तुम्ही नक्की जागा बघायला जाता, की झोपायला?" आई हे ऐकून नुसती हसायची. माझा निर्धार मात्र प्रत्येक नकारागणिक घट्ट होत गेला. तुमच्यासारखाच झाला, असे मी स्वतःशी म्हणत होतो, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता.

चौथी जागा कर्जतच्या अंगाला, एका धरणाच्या फुगवट्याशी मिळाली. एक बाई आणि त्यांचे यजमान ती चालवतात. आंब्याची तीन झाडे, खाली टणक मुरूम, पुढे गवताचा सपाट पट्टा, त्याच्यापलीकडे पाणी, आणि पाण्यातल्या वाळक्या खोडावर पंख वाळत घातलेले पाणकावळे. विजेची जोडणी होती, आणि शौचकूप इतके स्वच्छ व पाश्चात्य की मी दार उघडून क्षणभर आदराने उभा राहिलो. मग गवताच्या पट्ट्यावर उताणा पडलो आणि देवः देवौ देवाः सुरू केले. बाईंनी ते ओट्यावरून पाहिले. त्या धावत आल्या, त्यांच्यामागून यजमान आले, आणि मी डोळे मिटून संस्कृत पुटपुटतो आहे हे पाहताच बाईंनी कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला. "काका, फीट येते का तुम्हाला? आधी सांगायचं ना." मी उठून बसलो, डोळे पुसले, आणि जागा पसंत असल्याचे घोषित केले. यजमानांनी मला लिंबूसरबत दिले. आगाऊ पैसे घेताना बाईंनी सोबत कोण कोण येणार हे दोनदा विचारून घेतले.

आणि आम्ही गेलो. आई पुढच्या आसनावर, काठी मांडीवर आडवी, बायको मागे ओट्याशी डबे धरून, मी सारथी. रथ आंब्याखाली उभा केला, तो तसूभरही कलला नाही. नायलॉनचा नवा तंबू मी गवतावर उभारला, पण खुंट्या तुमच्याच वापरल्या, तुम्ही गेल्यापासून न उघडलेल्या त्या खाकी पिशवीतल्या. मग आईला हात देऊन रथात चढवले आणि सारे दाखवले. पलंग, उशाशी दिवा, शीतयंत्र, धरायला दांडी. आईने गादी दाबून पाहिली, पडदा सरकवला, नळ सोडून बंद केला. "छान आहे," ती म्हणाली, "दवाखान्यासारखं आहे." मग तिने खिडकीतून बाहेर बोट केले. "तो कुणाचा?"

तंबू माझा, मी सांगितले.

"तू इथे झोप. मी तिथे."

मी सर्व कारणे क्रमाने मांडली: गुडघे, थंडी, दव, रात्रीचे उठणे. तिने सर्व ऐकून घेतले, डॉक्टरांचे ऐकले होते तसेच. शेवटी माझ्या तोंडून ते वाक्य निघाले. शपथेवर सांगतो, ठरवून नाही. "आई, तिथे तुझी फार गैरसोय होईल."

आईने माझ्याकडे पाहिले. ती माझ्याकडे नव्हे, माझ्या मागे कुणीतरी उभे असल्यासारखी पाहत होती. "तीच बघायला आले आहे रे मी," ती म्हणाली. "ह्यांनी जन्मभर ती एकट्यानेच केली. दरवर्षी जाऊन काय मिळतं ते मला एकदा बघू दे. पुढल्या महिन्यापासून जमीन बंदच आहे."

माझे अलंकारशास्त्र तिथे संपले. रविवारमागून रविवार मी ज्या निर्धाराने पलंग, दांडी आणि शौचकूप जमवीत हिंडलो, तो निर्धार तुमचाच होता, अण्णा, अगदी तंतोतंत. तुम्ही तिला घरी ठेवलेत, मी तिला तळ्याकाठी आणून पुन्हा घरातच ठेवायला निघालो होतो. बायको रथातली गादी उचलू लागली. आईने तीही नको म्हटले. सतरंजी आणि घोंगडी पुरे. मग आधी खुर्ची, खुर्चीवरून बुटके स्टूल, स्टुलावरून जमीन, अशा तीन टप्प्यांत आम्ही तिला उतरवले. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला त्या कांद्याच्या बाई, आणि मी पाठीमागे हात पसरून, उपयोग शून्य. टेकताना आई कण्हली आणि लगेच हसू लागली. तिचे हसणे थांबेना, त्यामुळे आमचे हात सुटू लागले, तेव्हा बाई तिला दटावून म्हणाल्या, "आजी, हसू नका, नाहीतर आपण सगळेच पडू." ऊन उतरले होते. तंबूचे दार उघडे, आई आत उताणी, आणि तिला जे दिसत होते ते पाणी बसलेल्या माणसाला दिसत नाही; ते जमिनीच्या पातळीवरचे, गवताच्या पात्यांमधून दिसणारे पाणी. "असं दिसतं होय," ती म्हणाली. बायको तिच्याशेजारी निजली. मी रथात, शीतयंत्राखाली.

सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा आईला पुन्हा खुर्चीवर चढवून झाले होते आणि ती दूरध्वनीवर मावशीशी बोलत होती. "अगं डोळ्याला डोळा नाही. रात्रभर पाठीत दगड. हा एवढा. आणि गारठा तर विचारू नकोस, घोंगडी ओली झाली दवाने. टिटवी ओरडत होती डोक्यावर. छे छे, फार गैरसोय झाली." इतरांच्या आया मुलाच्या परदेशगमनाची वार्ता ज्या स्वरात देतात, तो हा स्वर. त्यानंतर तिने शेजारच्या काकूंना फोन लावला, आणि त्या दगडाचे आकारमान वाढले. तंबू काढल्यावर मला तो सापडला. सुपारीएवढा होता. मी तो उचलून तिला दाखवला आणि पाण्यात फेकू लागलो, तर ती म्हणाली, "राहू दे तिथेच. पुढच्या कुणाला लागेल." मी तो होता तिथे ठेवला. घरी येताना ती पळस्प्यापर्यंत गाढ झोपली होती.

खुंट्या धुऊन, पुसून, तेल लावून पिशवीत भरल्या आहेत. हे पत्रही त्यांच्याखाली सरकवतो आहे. ते पाठवायचे नाही हे लिहायला बसतानाच ठरले होते. पाठवले तर तुम्ही ते लाल शाईने तपासाल, आणि कोणत्या वाक्यापाशी थांबाल ते मला ठाऊक आहे. बायकोला, आईला, विचुंब्याच्या मित्राला, सर्वांना मी सांगत आलो की जागा शास्त्रोक्त निजून पाहिली होती. निजलो होतो हे खरे. पण बाईंनी कांदा नाकाशी धरला तेव्हा माझी चतुर्थी चालू होती आणि लोक पाहत होते, म्हणून मी तिथेच उठलो. पंचमी मी म्हटलीच नाही, अण्णा. ती आईने म्हटली.