मुंबईचे झिंगे

गोंदिया, ता. ९ डिसेंबर १९३४

ती. जमुनाभौजीस,
टेकचंदचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे बाबूजींचा दमा सोडला तर सारे ठीक. धान कापून झालं, मळणी सुरू आहे. मी पंधरा दिवसांच्या सुटीवर मुंबईहून आलो. सात वर्षांनी तुम्हाला लिहून राहिलो, अन् धानाच्याच गोष्टी करतो आहे. मुद्द्यावर यायला हात धजत नाही.

सेवकरामदादा गेला तेव्हा त्याची वांती मी आमच्या औषधी कारखान्यात नेऊन तपासली. त्यात सोमल, म्हणजे जहर, निघालं. मीच घरी तसं लिहिलं, आणि तुम्हीच दादाला जहर घातलं असं धरून बाबूजींनी तुम्हाला माहेरी अर्जुनीला हाकललं. पाच वर्षांची सुशिला मात्र ठेवून घेतली.

"भाऊजी, त्या दिवशी झिंगेच रांधले होते. ते तपासा ना," तुम्ही रडून म्हणालात. मी तपासले, पण आपल्या तलावातले. त्यांत काही नव्हतं, म्हणून तुम्हाला खोटं ठरवलं.

दादानं खाल्ले ते तलावातले नव्हतेच. मीच मुंबईहून पाठवलेले सुके झिंगे होते. मला ठाऊक होतं, भौजी. माझ्याच पार्सलनं भाऊ मेला असं निघालं तर? त्या भीतीनं मी त्यांना हात लावला नाही.

औंदा एका विलायती मासिकात वाचलं. समुद्रातल्या झिंग्या-खेकड्यांच्या अंगात सोमल मुळातच असतो. मात्र तो अशा रूपात बांधलेला असतो की खाणाऱ्याला बाधत नाही, लघवीवाटे निघून जातो. मग बाजारातून तसेच झिंगे आणून तपासले. सोमल निघालाच. म्हणजे दादा जहरानं नाही, पटकीनं गेला. त्याच आठवड्यात वस्तीतले आणखी दोघं पटकीनं गेले होते, तरी मी माझ्या शिशीवरच विश्वास ठेवला.

काल चार माणसांसमोर बाबूजींना हे सांगितलं. ते म्हणाले, "पोरीले तिच्या मायकडे पोचव."

हे पत्र तुमच्या भावाकडून, ईश्वरदासजींकडून, ओसरीत मोठ्यानं वाचून घ्या. माफी मागायची माझी लायकी नाही.

येत्या रविवारी सुशिलेला घेऊन येतो. तिलाही सगळं सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आज सकाळी तेवढं एक विचारलं, अर्जुनीची गाडी किती वाजता सुटते.

तुमचा गुन्हेगार दीर,
टेकचंद